हातचा

ट्रॉन्डहाइमला नोव्हेंबरात तीन वाजताच दिवे लागतात.
रांगफ्रीदच्या पडद्यावर एक बोट आहे,
पाण्यावर नव्हे, रकान्यांत:
पोलाद इतके टन, तांबं इतकं, बॅटरी एवढी,
आणि सगळ्यात वर ती ओळ, जिला बाकी सगळं टांगलेलं:
एक माणूस, एक किलोमीटर, पलीकडच्या काठाकडे.

पाळण्यापासून सरणापर्यंत, असा या हिशेबाचा दंडक.
खाणीत बारसं, भट्टीत मुंज,
तीस वर्षं संसार फ्योर्डच्या पाण्यावर,
मग भंगारवाल्याच्या दारात ताटकळणं.
पण पाळण्याआधी काय?
खाणीतलं यंत्र कुठल्या खाणीतून आलं?
आणि त्या यंत्राचं यंत्र?
कुठेतरी कुंपण घालावंच लागतं.
एक टक्क्याच्या आतलं सोडून द्यावं, नियम सांगतो.
ती सोडून देते.
सोडलेल्याची एक वही ठेवते,
जी कुणी मागितलेली नाही.

ओळ दोनशे चौदा: निकेल, जगाची सरासरी.
इथे ती दर वेळी थबकते.
सरासरी नावाच्या गावात कुणी राहत नाही.
तिथल्या नदीला रंग चढत नाही,
रात्रपाळीहून परतलेल्या बाईचे बूट
तिथे दाराशी वाळत नाहीत.
तरी आकडा बरोबर आहे. दोघांनी तपासलेला.
दशांशचिन्हापुढे चार घरं.

एका बोटीचं सोपं असतं.
एक बोट बदलली, तर जग जागच्या जागी राहतं,
त्याला टेकून माप घेता येतं.
पण सगळ्याच बोटी बदलल्या, ट्रक बदलले,
भट्ट्या, घरोघरच्या शेगड्या,
तर खाण खोल जाते, खनिज हिणकस निघतं,
दूरच्या कारखान्यातली वीज बदलते,
त्या विजेवर ओतलेलं पोलाद बदलतं,
मोजता मोजता मोजपट्टीच वितळते.
'वीज, वर्ष दोन हजार पंचेचाळीस' असा एक रकाना आहे.
त्यात ती तीन भविष्यं भरते:
एक गोड, एक मधलं,
आणि एक, जे बैठकीत कुणी मोठ्याने वाचत नाही.

रविवारी ती बापाला नव्या बोटीवर नेते.
तूर्लाइव्ह, छत्तीस वर्षं डिझेल इंजिनाच्या उशाशी,
उजवा कान तिथेच ठेवून आलेला.
बोट धक्का सोडते.
तो बुटाचा तळवा फरशीवर दाबून
थरथरीची वाट बघतो.
"बंद पडलं का?"
"नाही बाबा. अर्ध्यावर आलोत."
तो खिडकीबाहेर बघतो. खरंच की.
काठ सरकतोय. धुराची रेघ नाही.
हातातली कॉफी हलतही नाही.
बऱ्याच वेळाने विचारतो,
"इंजिनखोलीत आता कोण असतं?"
"कुणी नाही."
"मग तिचं ऐकतं कोण?"

कानाचं नुकसान मोजता येतं, कसंबसं, वर्षांमध्ये.
या प्रश्नाला एकक नाही.

सोमवारी निकाल लागतो. नवी बोट बरी.
बरीच बरी, तिन्ही भविष्यांत.
ती तसं सरळ लिहिते, पळवाट न ठेवता.

शाळेत बेरीज करताना
आपण हातचा बोटावर धरून ठेवायचो,
पुढच्या घरात टाकेपर्यंत.
इथल्या भाषेत हातच्याला म्हणतात मनातला.
पुढचं घर कुणाचं, हे अहवालात येत नाही.
रांगफ्रीद वही उघडते, ती न मागितलेली,
आणि पेन्सिलीने तळाशी लिहिते:
निकेल. बूट. बाबांचा प्रश्न.

खाली बंदरात बोट लागलेली आहे.
कधी लागली, कळलंच नाही.